जुन्या बाजारातला अल्बम: कोणाचा होता आणि कोणाला द्यायचा?

तुमचा प्रश्न असा, की रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून तुम्ही एक फोटो-अल्बम आणलात. काळी जाड पानं, मधे बटरपेपर, एकूण एक्केचाळीस फोटो. काहींच्या खाली पांढऱ्या शाईत ‘मामंजी’, ‘वन्सं आणि मुलं’, ‘अण्णा, बेळगाव’ असं लिहिलंय. आडनाव एकाही पानावर नाही. लग्नाचा एक फोटो सुटून आला, त्याच्या पाठीवर मोडीत दोन ओळी आहेत. अल्बम चारशे रुपयांना पडला आणि आता तो ज्यांचा आहे त्यांच्या वारसांना द्यायचाय. त्यासाठी सगळे चेहरे स्कॅन करून फेसबुकवर टाकू का, असं विचारलंय.

टाकू नका. कधीच नाही असं म्हणत नाही, पण आत्ता नाही. कारण पुढे येईलच. त्याआधी एक काम आहे, जे लांबवलं तर हातचं जाईल: येत्या बुधवारी पुन्हा जुन्या बाजारात जा आणि त्याच माणसाला गाठा. अल्बम कुठून आला हे तो कदाचित सांगेल, कदाचित नाही सांगणार. पण हे लोक घरातला अख्खा माळा एकदम उचलतात. अल्बम ज्या पोत्यातून निघाला त्याच पोत्यात तांब्या-पितळेची भांडी असतात, आणि आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे. गंगाळावर, परातीवर, स्टीलच्या डब्यावर आडनावासकट पूर्ण नाव, तारीख आणि ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ किंवा ‘चि. सौ. कां. अमुक हिस’ असं कोरलेलं असतं. फोटोवर नाव टाकायचा कंटाळा करणाऱ्या घरांनी भांड्यावर नाव घालायला कधी कंटाळा केला नाही, कारण भांडी लग्नाकार्यात शेजारी जायची आणि परत यायला लागायची. दोन वेळा माझं काम एका परातीने केलंय. जोडीला पोथ्या, जन्मपत्रिका, आहेराची वही, लग्नपत्रिका असं काही दिसलं तर तेही बघा. भांडं विकत घ्यायलाच हवं असं नाही. नावाचा फोटो काढला तरी पुरे.

आता मूळ मुद्दा. मी ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर आमच्या कुलवृत्तांताच्या, म्हणजे घराण्याच्या वंशावळीच्या छापील पुस्तकाच्या, नव्या आवृत्तीच्या कामात ओढली गेले आणि तिथून हे फोटोंचं लचांड मागे लागलं. आजवर अकरा अल्बम घरी पोचवले, सात अजून कपाटात आहेत. एवढ्या अनुभवावर सांगते, की ‘या फोटोत कोण आहे?’ या प्रश्नाने सुरुवात केली की माणूस हमखास अडकतो. शंभर वर्षांपूर्वीचे चेहरे आज कोणी ओळखत नाही. पणजोबांचा फोटो पणतूसमोर धरा, तो म्हणेल, ‘पगडी छान आहे.’ पहिला प्रश्न हवा तो असा: हा अल्बम लावला कोणी? अल्बम लावणारी व्यक्ती एकच असते आणि ती कळली की एक्केचाळीस फोटोंतली तीस-पस्तीस माणसं तिच्याभोवती आपापल्या जागी येऊन बसतात.

म्हणून अल्बम अजिबात विसकटू नका. फोटो काढण्याआधी प्रत्येक पानाचा पूर्ण फोटो घ्या, रिकाम्या कोपऱ्यांसकट. जिथे चार तिकोनी कोपरे चिकटवलेले आहेत पण फोटो नाही, तिथला फोटो कोणीतरी मुद्दाम काढून नेलाय. बहुतेक वेळा तोच घरातल्या कोणाला हवासा वाटलेला असतो. मग एकेक फोटो पुढून-मागून स्कॅन करा, ६०० डीपीआयला. टिकलीएवढे असतील तर १२००. फाइलला नाव ‘पान ७, वरचा डावा’ असं द्या. ‘फेटेवाले आजोबा’ असलं नाव नको, कारण ते आजोबाच आहेत हे अजून आपल्याला माहीत नाही. खळीने चिकटवलेला फोटो ओढू नका, सुरीने सोडवू नका. तो चिकटलेलाच राहू द्या. पाठीवर बॉलपेनने काही लिहायचं नाही, लिहायचंच तर मऊ शिसपेन्सिलने, कडेला. लॅमिनेशन, सेलोटेप आणि ते चिकट पानांचे प्लास्टिकचे अल्बम, तिन्ही वर्ज्य.

आता तुमच्याकडचा खरा खजिना: ते तीन शब्द. आपली भाषा नात्यांच्या बाबतीत इतकी काटेकोर आहे की फोटोखालचं नातं वाचलं की लिहिणाऱ्याची जागा कळते. इंग्रजी अल्बममध्ये ‘अंकल’ लिहिलं असतं तर चुलता की मामा, की मावशीचा नवरा, काहीच कळलं नसतं. तुमच्याकडे ‘मामंजी’ आणि ‘वन्सं’ आहे. मामंजी म्हणजे सासरे, वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण. दोन्ही शब्द फक्त सुनेच्याच तोंडी येतात. अक्षर दोन्हीकडे एकच असेल (ताडून बघा, ‘व’ आणि ‘म’ची गाठ कशी मारलीय ते), तर हा अल्बम एका सुनेने लावलाय. नवऱ्याने नाही, मुलाने नाही. चेहरे तिच्या सासरचे, हात तिचा.

इथून एक गंमत निघते. बायकांनी लावलेल्या अल्बमांत माहेरचे फोटो बरेचदा शेवटच्या पानांवर एकगठ्ठा असतात आणि त्यांच्याखाली काहीच लिहिलेलं नसतं. सासरची माणसं मुलांना कळावीत म्हणून ती नावं घालते. स्वतःच्या आई-वडलांखाली कशाला लिहील? तेव्हा ज्या फोटोंखाली मजकूर नाही त्यांना ‘अज्ञात’ म्हणून बाजूला सारू नका. ते तिचं माहेर असण्याची शक्यता बरीच आहे. आणि तुमचा ‘अण्णा, बेळगाव’ त्याच पानांच्या आसपास असेल तर मला अधिकच आवडेल.

पण हे सगळं घरोघरच्या चालीवर अवलंबून आहे, हेही कबूल करते. एकत्र कुटुंबात थोरल्यांचं ऐकून मुलं स्वतःच्या आईला ‘वहिनी’ आणि बापाला ‘भाऊ’ म्हणायची. ‘वहिनी’ लिहिणारा दीरच असेल असं नाही, पोटचा मुलगाही असू शकतो. मामाच्या घरात मुलगी देण्याची रीत जिथे आहे तिथे ‘मामा’ हाच सासरा असतो. अनेक घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते, तिथे आत्या म्हणजे वडलांची बहीण धरलीत की अख्खी वंशावळ उलटी टांगली जाते. एकदा मी ती टांगून ठेवली होती, चार महिने. ‘अण्णा’बद्दल तर बोलायलाच नको, प्रत्येक घरात किमान एक अण्णा असतो. मात्र ‘वन्सं’ आणि ‘मामंजी’ या जोडीने मला अजून फसवलेलं नाही.

आता पाठीवरची मोडी. तुम्ही तिचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. अक्षर सुवाच्य आहे. मी वाचते ते असं: ‘प्रभवनाम संवत्सरे माघ व. ५ विवाह. यमूचे नाव इंदिरा ठेविले.’ एवढ्यात वर्ष नाही असं तुम्हाला वाटलं, पण ते आहे. संवत्सरांची नावं साठ आहेत आणि प्रत्येक नाव साठ वर्षांनी फिरून येतं. आपल्याकडच्या पंचांगात प्रभव संवत्सर म्हणजे शके १७८९, १८४९ किंवा १९०९. इंग्रजीत १८६७-६८, १९२७-२८, १९८७-८८. यातलं पहिलं बाद, कारण तुम्ही वर्णन करताय तो फोटो त्या काळाचा नाही. कडेच्या काळ्या भागावर चांदीसारखी झाक दिसते म्हणालात, ती जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून लावलेल्या फोटोच्या कागदाची खूण आहे आणि तो कागद एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीला रुळला. १९८८ साली लग्नाच्या फोटोमागे मोडी कोण लिहिणार? राहिलं शके १८४९. इथे एक चूक सर्रास होते: शकात ७८ मिळवून लोक १९२७ लिहून मोकळे होतात. शक चैत्रात सुरू होतो, माघ येईपर्यंत इंग्रजी साल उलटलेलं असतं. पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९ मिळवायचे. म्हणजे हे लग्न फेब्रुवारी १९२८चं.

दुसऱ्या वाक्याने तर अर्धं काम केलंय. यमू हे माहेरचं नाव, इंदिरा सासरचं. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे एकाच बाईच्या दोन व्यक्ती होऊन बसतात: माहेरच्या कुलवृत्तांतात यमुना, सासरच्या कुलवृत्तांतात इंदिरा. दोघींना जोडणारा कागद सहसा सापडत नाही. तुमच्या हातात तो आहे. मुलींच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९चा, अंमल १९३०पासून. म्हणजे १९२८ची वधू बारा-चौदाची असणं अगदी शक्य आहे, जन्म साधारण १९१४ ते १९१६. तिची मुलं तीस-चाळीसच्या दशकांतली, नातवंडं आज पन्नाशी ते सत्तरीची. हा हिशेब मी नेहमी आधी करते, कारण त्यावरून कळतं की शोध कुठपर्यंत न्यायचा. इथे आजीला प्रत्यक्ष पाहिलेलं, तिच्या हातचं खाल्लेलं माणूस हयात असण्याची शक्यता भरपूर आहे. म्हणजे पणतवंडांच्या मागे लागायला नको, नातवंडं शोधा.

फोटोंच्या काळाबद्दल बाकी थोडक्यात. पाठीवर कागदाच्या कंपनीचा छाप असेल तर बघा. ‘आग्फा-गेव्हर्ट’ असं जोडनाव असेल तर १९६४नंतरचा, कारण त्या साली दोन कंपन्या एक झाल्या. ‘इंदू’ असेल तर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, म्हणजे १९६७च्या पुढचा. स्टुडिओच्या शिक्क्यात ‘मुंबई २८’ किंवा ‘पुणे २’ असा सुटा आकडा असेल आणि सहा आकडी पिनकोड नसेल तर तो शिक्का बहुधा १९७२च्या आधी बनलेला. पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला आले. पानांच्या खालच्या कडेला मातकट रेघ आहे का, तेही बघा. असेल तर १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात हा अल्बम पुण्यात नदीकाठच्या एखाद्या पेठेत होता, अशी शंका घ्यायला जागा आहे. स्टुडिओतल्या खुर्च्या, कुंड्या, मागचे रंगवलेले महाल यांवरून घराची श्रीमंती ठरवू नका, ते सामान स्टुडिओचं. आणि कृपा करून फोटो रंगीत करून देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. एकाने मला त्याच्या पणजीचा रंगवलेला फोटो पाठवला. बाई विधवा, अंगावर आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, आणि ॲपने ते मोरपंखी करून दिलेलं. पुढची पिढी ते खरं मानेल.

आता अल्बम लावणारीकडून वारसाकडे कसं यायचं. लोक वंशावळ म्हटलं की वर चढायला लागतात, मूळ पुरुष, पेशवाई, कोकणातलं गाव. फोटो पोचवायचा असेल तर खाली उतरायचं असतं, आणि खाली उतरताना वाट मुलींच्या घरांतून जाते. अल्बम, पाककृतींच्या वह्या, नथ, या गोष्टी मुलींकडे आणि नातींकडे जातात. घर आणि जमीन मुलांकडे जायची, तिची कागदपत्रं सरकारात राहतात. म्हणून कागदांच्या मागे गेलात तर मुलगे सापडतात आणि अल्बम मात्र भलत्याच आडनावाच्या घरातून बाहेर पडलेला असतो.

कुलवृत्तांत निघालेल्या घराण्यांचं काम तुलनेने सोपं. ‘इंदिरा, माहेरची यमुना’ अशी नोंद शोधत पानं उलटायची. चांगल्या कुलवृत्तांतात बायकोचं माहेरचं नाव, तिच्या वडलांचं नाव आणि मुलींची सासरची आडनावं दिलेली असतात. नोंदीत ‘पुत्र नाही’ असं वाचून थांबू नका, पुढे मुली असतात. आणि दत्तकावर लक्ष ठेवा: एकच मुलगा जनक घराण्याच्या पुस्तकात एका नावाने आणि दत्तक घरात बापासकट दुसऱ्या नावाने असतो.

पण कुलवृत्तांत ही मोजक्या जातींची चैन आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. अल्बमचं घराणं त्यातलं नसेल तर वाट वेगळी. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हेळवी ठरावीक घरांच्या पिढ्या सांगत येतात. त्यांच्याकडे जे मिळतं ते कुठल्याही दप्तरात नसतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांच्या सहीनिशी कुटुंबाची नावं सापडतात, मात्र आडनाव आणि मूळ गाव सांगितल्याशिवाय वही उघडत नाही. गाव कळलं असेल तर फेरफार (जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी), वारस नोंदी आणि गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात ती. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावची ही बुकं धूळ झटकून बाहेर निघाली, बरीचशी मोडीत असलेली. एरवी तहसीलला विचारलं असतं तर ‘जीर्ण झाली’ हे ठरलेलं उत्तर मिळालं असतं. ख्रिस्ती घर असेल, वसईचं किंवा गोव्याचं, तर पॅरिशच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी. बेळगावचा धागा लागला तर लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर १९५६ला तो जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला. आताचे जमिनीचे उतारे तिकडे, कन्नडमध्ये. आणि नऊवारी-नथ बघून घर हिंदूच असं धरू नका. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, बायका नऊवारीच नेसत, आडनावं पेणकर-केहिमकर अशीच, आणि त्यांची नातवंडं आज इस्रायलमध्ये असतात.

नाव हाती आलं, तरी ते माणूस आज कुठे? यासाठी माझं सगळ्यात लाडकं साधन म्हणजे वर्तमानपत्रातली निधनवार्ता. ‘त्यांच्या पश्चात दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे. अमुक बँकेचे निवृत्त अधिकारी तमुक यांच्या त्या सासूबाई होत.’ हे शेवटचं वाक्य आपल्या बातमीदारांनी वंशावळवाल्यांसाठीच शोधून काढलंय असं मला वाटतं. एका ओळीत सासरचं आडनाव, जावई, हुद्दा आणि बहुतेक वेळा गाव. दुसरं साधन शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. अल्बममध्ये वर्गाचा ग्रुप फोटो असेल आणि पाटीवर शाळेचं नाव दिसत असेल तर ती स्मरणिका शोधा, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या असतात.

आणि मग येतो फोन. यात मी सगळ्यात जास्त तोंडावर आपटलेय. अनोळखी बाई फोन करते आणि विचारते, ‘तुमच्या आजीला किती मुली होत्या? त्या कुठे दिल्या?’ ऐकणाऱ्याच्या डोक्यात घंटा वाजते: वाटणी! महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क मिळाला, तेव्हापासून मुलींची चौकशी म्हणजे वकिलाची नोटीस मागोमाग येणार, अशी घरोघरी धारणा आहे. आणि ती अगदीच चुकीची नाही.

इंदूरच्या अल्बमची गोष्ट सांगते. एका रद्दीवाल्याकडून आलेला, बावन्न फोटो, पुठ्ठ्यांवर इंदूरच्या स्टुडिओचा उठावाचा शिक्का. खाली ‘मावशी’, ‘दादामामा’, ‘काकासाहेब, होळकर सरकारात’. म्हणजे लिहिणारं मूल इंदूरच्या घराच्या लेकीचं. कुलवृत्तांतात नोंद सापडली: इंदूर संस्थानात नोकरी, पुत्र नाही, कन्या तीन. एक पुण्यात दिलेली. तिच्या मुलीची निधनवार्ता २००९च्या अंकात, आणि तिथून नाशिकला नात. फोन लावला, नाव सांगितलं, आजीचं नाव घेतलं. पलीकडून पहिलं वाक्य आलं, ‘हक्कसोडपत्र दोन हजार अकराला झालंय, आता आणखी काय?’ मी फोटो म्हणेपर्यंत फोन बंद.

तेव्हापासून मी फोन करत नाही. आधी साधं पत्र किंवा निरोप, त्यात पहिल्याच ओळीत: माझ्याकडे तुमच्या घरातला वाटणारा एक जुना फोटो आहे, पैसे नकोत, सही नको, कागद नको. सोबत एकच फोटो, तोही घरगुती. लहान मुलांचे, बाळंतिणीचे, गेलेल्या माणसाला बसवून काढलेले फोटो पहिल्या झटक्यात पाठवायचे नाहीत. नाशिकला मी वाड्याच्या चौकातला फोटो पाठवला. एक म्हातारी बाई चौरंगावर बसलीय, पायांशी दोन मुलं. नातीने त्या बाईला ओळखलं नाही. दोन दिवसांनी तिच्याकडून व्हॉट्सॲपवर उलट एक फोटो आला, स्वयंपाकघराचा. ओट्याशेजारी तोच चौरंग, एका पायाचा नक्षीचा तुकडा तुटलेला, तसाच जसा माझ्याकडच्या फोटोत तुटलेला आहे. त्यावर मिक्सर ठेवलेला. खाली एवढंच लिहिलेलं: ‘हा आमच्याकडे आहे. बाई कोण?’

खरं तर माझा नियम असा, की अस्सल फोटो सगळे एकाच घरात आणि स्कॅन मागेल त्याला. अल्बम फुटला की त्याची भाषा संपते. पण तिने सहाच फोटो ठेवून घेतले आणि बाकीचा अल्बम ‘इंदूरच्या मामेभावाला द्या, त्याला हौस आहे’ म्हणून मला परत केला. वाद घातला नाही. वस्तू तिची, ठरवणार ती. काही घरांत तर कोणालाच नको असतो. एका गृहस्थांनी मला सांगितलं की त्या फोटोतल्या आजोबांनी आजीला टाकलं होतं, फोटो जाळून टाका. मी जाळला नाही, पण तो कोणाला दाखवतही नाही.

तुमच्या फेसबुकच्या प्रश्नाकडे परत येते. चेहरे उघड्यावर टाकले की तीन गोष्टी होतात. शंभर लोक ‘किती सुंदर’ म्हणतात, चार लोक जात ओळखायला बसतात, आणि जुने फोटो विकणारा एखादा ते उचलतो. खरा वारस त्या गर्दीत असेल तर तोही दबून जातो. शिवाय दावा करणाऱ्याची परीक्षा घ्यायला तुमच्याकडे काही उरत नाही. अल्बममध्ये काय आहे हे जगाला दाखवून झालं, मग ‘सांगा बघू, तिसऱ्या पानावर कोण?’ असं कोणाला विचारणार? टाकायचंच असेल तर भांड्यावरचं नाव, स्टुडिओचा शिक्का, वाड्याचं दार, बेळगावच्या एखाद्या पाटीचा तुकडा असं काही टाका, आणि ‘यमू-इंदिरा’ ही जोडी मात्र स्वतःकडेच ठेवा. जो माणूस न विचारता ती जोडी सांगेल त्याला अल्बम दाखवा.

बुधवारी बाजारातून काय मिळतंय ते कळवा. तोवर मला तीन गोष्टी पाठवा: शेवटच्या चार पानांचे पूर्ण फोटो, ‘अण्णा, बेळगाव’ ज्या पानावर आहे ते पान, आणि जेवढे फोटो सुटे आहेत त्यांच्या फक्त पाठी.